भित्र्या मांजराला कोल्हापूरहून नाशिकला गाडीतून न्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही राजारामपुरीतलं घर सोडून नाशिकला राहायला चाललोय. पुण्यापर्यंतच सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, पुढं जवळपास तेवढंच. आमची मनी फार भित्री आहे. दवाखान्यात नेतानासुद्धा लाळ गाळते, तोंड उघडून धापा टाकते. तिला मागं ठेवून जाणं आम्हाला शक्यच नाही.

पिंजरा आत्तापासून हॉलमध्ये उघडा ठेवलाय, आत तिची रोजची गोधडी. आता ती आपणहून त्यात जाऊन झोपते, हे बघून खरंच बरं वाटलं. निघायच्या आधी काही तास खाणं बंद, पिंजऱ्यावर सुती कापड, एसी चालू, एवढं ठरलंय.

काळजी औषधाची आहे. डॉक्टरांनी प्रवासातली भीती कमी व्हावी म्हणून गॅबापेन्टिन हे औषध सुचवलंय, आधी एकदा घरी देऊन बघा म्हणालेत. कुणी दिलंय का? मांजर किती वेळ सुस्त राहतं? फेरोमोनचा (मांजराला शांत करणाऱ्या वासाचा) स्प्रे कोल्हापुरात कुठं मिळेल? आणि शू-शीसाठी वाटेत थांबून, दारं-काचा बंद ठेवून गाडीतच ट्रे द्यावा, की तिला बाहेर काढूच नये? खंबाटकी घाटात उलटी झाली तर काय करायचं?

पुढच्या आठवड्यात निघतोय. मांजर घेऊन लांब गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.