ग्लोब नाट्यगृहात काळोख करावा का?

पिटातला प्रेक्षक : लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाच्या कलासंचालक एमा राइस यांनी २०१६च्या उन्हाळ्यात स्पॉटलाइट आणि ध्वनिवर्धक आणले, तिकीटबारी उत्तम चालली, आणि तरीही त्याच ऑक्टोबरमध्ये संस्थेच्या मंडळाने त्यांचा कार्यकाळ २०१८मध्ये संपेल, असे जाहीर केले. निर्णय कठोर होता, परंतु माझ्या मते बरोबर होता. शेक्सपिअरच्या काळातल्या मूळ ग्लोबची ही प्रतिकृती १९९७मध्ये खुली झाली ती, नट आणि प्रेक्षक एकाच उजेडात असले की शेक्सपिअर कसा रंगतो, हे पाहता यावे म्हणूनच. हॅम्लेट स्वगतात ‘मी भेकड आहे काय?’ असे विचारतो, तेव्हा समोरचे चेहरे त्याला दिसत असले तर तो खरोखरीचा प्रश्न ठरतो. स्पॉटलाइट फक्त नटावर आणि प्रेक्षक काळोखात असले, तर तो स्वतःशीच पुटपुटत राहतो.

नेपथ्यवेडा : अस्सलपणाचा हा सोस सोयीपुरता आहे. शेक्सपिअरच्या काळी मुलगे करत त्या स्त्रीभूमिका आजच्या ग्लोबमध्ये स्त्रिया करतात, आणि रात्रीच्या प्रयोगांना वीज लागतेच. खुद्द शेक्सपिअरच्या मंडळींनी १६१३मध्ये ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात तोफ उडवली आणि छपराचे गवत पेटून सारे नाट्यगृह भस्मसात झाले. (एवढा ‘स्पेशल इफेक्ट’ राइसबाईंनाही साधला नाही!) अशा लोकांनी हाती आलेला स्पॉटलाइट नाकारला असता, हे मला पटत नाही.

पिटातला प्रेक्षक : रात्रीचे ते दिवे नटावर आणि प्रेक्षकावर सारखेच पडतात. माझा आक्षेप विजेला नाही, काळोखाला आहे.

भाषांतरवाली : दिव्यांच्या वादात भाषा विसरली जात आहे. नाटककार गो. ब. देवलांनी १८९०मध्ये ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले, तेव्हा मराठी प्रेक्षकाला ते आपल्या काळाच्या मराठीत मिळाले. इंग्रज प्रेक्षक मात्र आजही चारशे वर्षांपूर्वीच्या शब्दांशी झगडतो, आणि दिग्दर्शक प्रकाश-संगीताकडे धावतात ते बहुधा त्यामुळेच. अमेरिकेतल्या ऑरेगनच्या शेक्सपिअर महोत्सवाने २०१५मध्ये ही नाटके आजच्या इंग्रजीत आणण्याचे काम नाटककारांकडे सोपवले, तेव्हा मात्र केवढा गहजब झाला!

पिटातला प्रेक्षक : शब्द अडतात, हे मान्य. पिटात पाच पौंडांत उभे राहून पाहिलेल्या एका प्रयोगात विदूषकाची एक शाब्दिक कोटी मला मुळीच कळली नव्हती. नटाने ती माझ्या शेजारच्या टक्कल पडलेल्या गृहस्थांकडे रोखून पाहत म्हटली, ते गृहस्थ लाजले, आणि मग सगळ्यांबरोबर मीही हसलो.