पहिली पायी वारी: आळंदीहून की पैठणहून? माझं मत पैठणच्या बाजूने

गोदाकाठ

वैशाख लागला की दरवर्षी ओळखीतून दोन-तीन तरी फोन येतात. "एकदा पायी वारी करायची आहे, तीन आठवड्यांची रजा मिळेल, कुठून निघू?" विचारणाऱ्याने मनात आळंदी पक्की केलेली असते, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो होकार मी आता देत नाही. कारण एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

माऊलींच्या सोहळ्यात मी दोनदा चालले आणि गेल्या वर्षी पैठणहून एकनाथ महाराजांच्या पालखीबरोबर. दोन्हीकडे दिवस जवळपास तेवढेच, अठरा-एकोणीस. नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माऊलींची अष्टमीला. रजेच्या हिशोबात काहीच फरक पडत नाही. फरक आहे तो वाटेत काय भेटतं याचा.

आळंदीच्या वाटेवर दोन्ही वर्षं मी मुख्यतः पुढच्या माणसाची पाठ पाहिली. दिवे घाट चढताना खाली वळून पाहिलं तर माणसांची नदी दिसते. ते दृश्य मरेपर्यंत विसरणार नाही. पण सासवडनंतर रुंद केलेला पालखी महामार्ग, दुभाजक, रणरणतं डांबर. पूर्वीची वडा-चिंचेची सावली जुने वारकरी अजून आठवतात, आम्हाला ती फारशी मिळाली नाही. गावात शिरलो तरी गाव दिसत नाही, कारण गावापेक्षा कितीतरी पटींनी माणसं त्या दिवशी गावात असतात.

नाथांची वाट बीड जिल्ह्यातून जाते. रायमोहा, पाटोदा, मग खर्डा, परंडा. पेरणीला आलेली रानं, पाऊस लांबलेला असेल तर भेगाळलेली. गारमाथ्याचा डोंगर चढताना पालखी माणसं हातांनी सांभाळून नेतात, तेव्हा श्वास रोखून पाहत राहावं लागतं. आणि शेवटी शेवटी अरण लागतं. सावता माळी कधी पंढरीला गेले नाहीत, पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. सतरा दिवस पंढरपूरकडे चालून आल्यावर त्या गावात उभी राहिले आणि मला बोलताच येईना.

ज्याला पहिल्यांदाच चालायचं आहे त्याला गर्दी आधी भेटू नये, वाट आधी भेटावी. एवढंच माझं म्हणणं.

टाळकरी मागचा

ताई, रामकृष्णहरी. तुमच्या भावनेला नमस्कार, पण सल्ला चुकीचा आहे. बावीस वर्षं एकाच दिंडीत चालतो आहे, रथामागे. नवखा माणूस कुठे मोडतो ते दरवर्षी डोळ्यांनी बघतो.

नवखा मोडतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. आता आळंदीचं वेळापत्रक नीट बघा. पहिली मोठी चाल आळंदी ते पुणे, मग पुण्यात दोन मुक्काम. दुसरी मोठी चाल पुणे ते सासवड, तीस किलोमीटरच्या पुढे आणि वर दिवे घाट, मग सासवडलाही दोन मुक्काम. म्हणजे पाय दुखायला लागले की दिवसभर थांबायला मिळतं, आणि पहिल्या आठवड्यात हे दोनदा घडतं. घरी परत जायचं ठरलं तरी पुण्याहून गाडी आहे. सासवडपुढे जो टिकला तो जेजुरी, वाल्हे, लोणंद करत पंढरपूरला पोचतोच. हैबतबाबांनी सोहळा बांधला तो असा. नवीन माणसाला पोटाशी धरून नेणारी ही वाट आहे.

दुसरं, शिस्त. समाजआरतीला कधी उभ्या होतात का तुम्ही? लाखाचा तळ, टाळ-मृदुंगाचा कल्लोळ, आणि चोपदाराने दंड वर केला की क्षणात शांतता. सापडलेल्या वस्तू तिथे पुकारतात, दिंडीची तक्रार असेल तर टाळ वाजवून तिथेच मांडतात. ही शांतता ऐकण्यासाठी तो कल्लोळ लागतो. मोकळ्या रानात ती ऐकू येणार नाही.

आणि दवाखाना, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका हे सगळं आळंदीच्या वाटेवर जितकं आहे तितकं दुसरीकडे नाही. पन्नाशीच्या नवख्या माणसाला गारमाथ्यावर चक्कर आली तर?

गोदाकाठ

काका, दोन मुक्कामांचा मुद्दा मी खरंच या नजरेने पाहिला नव्हता. मला त्या विश्रांतीच्या दिवसांचा कंटाळा यायचा, कारण मला चालायची सवय होती. नसणाऱ्याला त्याचं मोल वेगळं, हे मान्य.

समाजआरतीचं मात्र तुमचं-माझं दुमत नाही. तिथे उभी राहिले आहे. अंगावर काटा येतो. पण आरती अर्ध्या तासाची, चाल दिवसभराची.

तुळस वृंदावन

दोघांनी वाट, घाट, आरती सगळं लिहिलं. बाईमाणसाचा दिवस पहाटे तीनला का सुरू होतो हे कोणी लिहिलं नाही.

अंधार असेपर्यंत उरकून घ्यायचं म्हणून. मी पहिल्या वर्षी ज्या दिंडीत होते तिथे भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, घेताना "बायकांची वेगळी सोय" असं सांगितलं होतं. वेगळी राहुटी होती खरी, पण एका राहुटीत चाळीस बायका. कुशीवर वळायचं तर शेजारणीला उठवावं लागे. आंघोळ म्हणजे टँकरच्या मागे, लुगड्याचा आडोसा धरून, पाळीपाळीने. त्यात माझी पाळी वाटेतच आली. नातेपुते ते वेळापूर हे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. टाळकरी काकांच्या टँकरचा आणि रुग्णवाहिकेचा त्यात काही उपयोग नव्हता.

निर्मल वारीची फिरती स्वच्छतागृहं आली तेव्हापासून आळंदी-देहूच्या वाटेवर फार मोठा फरक पडला आहे. सकाळी रांग असते, पण दार असतं आणि दाराला कडी असते. त्यामुळे आज कोणी बाई मला विचारेल तर मी मोठीच पालखी सांगेन. डोक्यावर तुळस घेऊन चालण्याचं सुख मला हवं आहे, म्हणूनच रात्रीची भीती नको.

गोदाकाठताई, पैठणच्या वाटेवर तुम्ही काय केलंत? खरं सांगा.

गोदाकाठ

खरं सांगते. अडचण होती. स्वच्छतागृहं आळंदीच्या मानाने फारच कमी, आणि सलग तीन मुक्कामांवर आम्ही अंधारातच रानात गेलो. पण दुसरी बाजूही खरी आहे. मुक्कामाच्या गावात संध्याकाळी बायका येऊन हात धरून घरी न्यायच्या. "चल माय, पाणी तापवलंय." माझी आंघोळ एकोणीसपैकी बारा दिवस कोणाच्या ना कोणाच्या न्हाणीघरात झाली. एका घरी सासूबाईंनी माझे पाय स्वतः तेलाने चोळले, मी नको नको म्हणत असताना. लाखोंच्या तळावर गावातल्या बायकांना असं माणूस माणूस ओळखून नेणं शक्यच नसतं, मनात असलं तरी.

तरीही, ज्या बाईला हे कोणाच्या भरवशावर सोडायचं नसेल तिला मी चूक म्हणणार नाही.

रेवाकिनारा

दोन्ही पालख्यांना वंदन करून एक वेगळा विचार मांडतो. तीन आठवड्यांची रजा आहे म्हणून तीन आठवड्यांची वाट शोधायची, हा हिशोबच मला खटकतो.

निवृत्तीनंतर मी नर्मदा परिक्रमा केली. ओंकारेश्वरहून उचलली, दक्षिण तटाने समुद्रापर्यंत, तिथून नावेने मीठी तलाई, मग उत्तर तटाने अमरकंटक आणि परत. नदीच १३१२ किलोमीटरची, दोन्ही काठ धरले तर २६०० च्या वर. रोज वीस चाललात तरी १३० दिवस. मैय्या सतत उजव्या हाताला, ओलांडायची नाही. राहुटी नाही, ट्रक नाही, पुढचा मुक्काम कुठला ते दुपारपर्यंत ठरलेलं नाही. संध्याकाळी कोणत्या तरी ओट्यावरून "नर्मदे हर" हाक येते आणि सदाव्रत मिळतं. पीठ, डाळ, मीठ. आपलं आपण शिजवायचं.

वारीत सामान ट्रकमध्ये असतं, जेवणाची पंगत बसते, उठवायला माणूस असतो. चालणं सोडून सगळी काळजी दिंडी घेते. परिक्रमेत दुसऱ्याच्या दारात उभं राहून मागावं लागतं. आयुष्यभर साहेब म्हणून वावरलेल्या मला पहिले आठ दिवस तोंडातून शब्द फुटत नव्हता. ते शिकायला तीन आठवडे पुरत नाहीत. म्हणून म्हणतो, थांबा. मुलं मार्गी लागू देत, नोकरी संपू दे, मग एकदाच निघा.

टाळकरी मागचा

महाराज, "थांबा" हा सल्ला मी मान्य करणार नाही. माझे वडीलभाऊ निवृत्तीची वाट बघत राहिले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी गुडघे गेले. शेताच्या बांधापर्यंत काठी घेऊन जातात आता. त्यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी अठरा दिवस काढले असते तर? आज जमतंय ते आज करावं.

आणि सगळी काळजी दिंडी घेते हे पूर्ण खरं नाही. माझ्या दिंडीत पाणी कोण भरणार, पंगत कोण वाढणार, आजाऱ्याची पडशी कोण उचलणार, हे चालणाऱ्यांनीच करायचं असतं. मोठा अधिकारी असो की मजूर, एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा दोघेही माऊलीच. मागायला शिकणं मोठं आहे, तसंच वाढायला शिकणंही.

रेवाकिनारा

भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. गुडघ्यांचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी सोडून दिला होता. ज्याला थांबणं शक्य नाही त्याने चैत्रात गुजरातमधली उत्तरवाहिनी परिक्रमा करून पाहावी. तिलकवाडा-रामपुरा परिसरात नर्मदा उत्तरेकडे वळते तेवढ्याच भागाची ही प्रदक्षिणा, एका दिवसात होते. बाकी वारीच्या तीन आठवड्यांना मी कमी लेखत नाही. पण एकट्याने चालणं ही वेगळी गोष्ट आहे, ती पालखीत मिळणार नाही, एवढं म्हणणं कायम.

इंदापूरकर

सगळे आळंदी-पैठण करताय, देहूला विसरलात! पालखी सोहळ्याची चाल पाडली ती तुकोबांच्या धाकट्या चिरंजीवांनी, नारायण महाराजांनी, १६८५ साली. रोटी घाट, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्यांचं. काटेवाडीत पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतात ते एकदा येऊन बघा. सोयी आळंदीसारख्याच. मला विचाराल तर नवख्याने देहू.

बालाघाटचा वारकरी

मला ही चर्चाच जरा टोचली. पालख्या अशा तोलून बघायच्या असतात का? सावली किती, संडास किती, रिंगणं किती? आमच्या घरात नाथांची वारी पणज्यापासून आहे. आज्जा गेला त्या वर्षी सुतकातही बापानं कोणाच्या तरी हाती पताका देऊन वारी चुकू दिली नाही. आम्ही निवडली नाही, ती घरात होती. नाथांच्याच घराचं बघा. विठ्ठलाची मूर्ती विजयनगरहून परत आणली ती त्यांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, असं परंपरा सांगते. वारी रक्तातून येते. ज्या फडाची, म्हणजे ज्या वारकरी परंपरेची, माळ गळ्यात, त्या फडाबरोबर चालायचं.

आणि ताई, तुम्ही नाथांच्या वाटेचं एवढं कौतुक केलंत, पण अशीच गर्दी वळली तर आमच्या गावातली न्हाणीघरं पुरतील का?

तुळस वृंदावन

दादा, ज्यांच्या घरात वारी नव्हती त्यांचं काय? माझ्या माहेरी कोणी पंढरीला गेलं नाही, सासरी तर देवाचं नावही नव्हतं. चाळिशीत मी एका ओळखीच्या बाईचं बोट धरून निघाले. कोणत्या बाईचं बोट धरायचं ते मला निवडावंच लागलं. कडी असलेलं दार मोजणं ही चैन नव्हती, त्याशिवाय मला येताच आलं नसतं. घरून नेणारं कोणी नसेल तर विचारावं लागतं, आणि विचारणाऱ्याला खरं सांगावं लागतं.

बालाघाटचा वारकरी

चुकलं माऊली. बाईमाणसाच्या अंगानं मी विचार केला नव्हता. आमच्या आईनं चाळीस वाऱ्या केल्या, ती कधी तक्रार करत नव्हती म्हणून आम्हाला वाटलं अडचण नव्हतीच. आज विचारतो तिला.

गोदाकाठ

बालाघाटदादा, न्हाणीघरांचा तुमचा प्रश्न कालपासून डोक्यात आहे. मी कौतुक केलं आणि लोक वळले, तर ज्या गोष्टीचं कौतुक केलं तीच संपेल. याचं उत्तर माझ्याकडे नाही. निदान एवढं करीन, की एकट्याने पाठीवर बॅग टाकून नाथांच्या मागे चालायला कोणाला सांगणार नाही. आधी दिंडी गाठा, विणेकऱ्यांना भेटा, भिशी भरा, कोणाच्या घरी उतरलात तर तिथली भांडी घासूनच निघा.

फोन करणाऱ्यांना आता मी सरसकट पैठण म्हणणार नाही. रोज दहा किलोमीटर चालायचा सराव नसेल, रक्तदाब-साखर असेल, किंवा सोबतीला ओळखीची बाई नसेल, तर आळंदी. टाळकरी काकांचे ते दोन मुक्काम माझ्या हिशोबात पक्के बसले आहेत. पण ज्याचे पाय तयार आहेत आणि ज्याला माणसांशी बोलत जायचं आहे, त्याने आधी नाथांची वाट धरावी, हे मत सोडत नाही.

माझी जाऊ यंदा पहिल्यांदा निघते आहे. गुडघ्याचा त्रास आहे, म्हणून ती आळंदीहून. काका, तुमच्या दिंडीत बायकांच्या राहुटीत जागा असेल तर कळवा, आणि एका राहुटीत किती जणी तेही स्पष्ट सांगा. मी पैठणहून येते. दशमीला संध्याकाळी चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाच्या देवळापाशी भेटायचं ठरलं आहे.

टाळकरी मागचा

जागा आहे. एका राहुटीत पंधरा, त्याहून जास्त घेत नाही. ज्येष्ठ लागायच्या आत नाव द्या, आणि आजपासून रोज थोडं चालायला सांगा, वारीत ज्या चपला घालणार त्याच घालून.