नेत्रावळी सहल: सावरी की मैनापी, आणि कुंडात उतरायचं कसं

अनघा (सी-२०२): डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आपल्या सोसायटीची सहल गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्यात, हे नक्की. आतापर्यंत २३ नावं आलीत: १४ मोठे, ९ मुलं, त्यातली चार दहा वर्षांच्या आतली. सावरी की मैनापी, कोणता धबधबा, एवढं आज ठरलं तर गाडी सांगून टाकते. प्रभुदेसाई काका, सुहासदादा, तुम्हाला ते जंगल चांगलं माहीत आहे. तुम्हीच सांगा.

सुहास (ए-१०४): सावरी. मैनापी एका बाजूनं साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये ओहळ ओलांडावे लागतात, पुढे दगडाधोंड्यांतून वाट. लहान मुलं बरोबर असली की जायलाच दोन तास जातील. सावरीला डांबरी रस्ता सोडला की जेमतेम दोन किलोमीटर. मात्र जाताना उतार आहे आणि परतताना चढ. पोहून दमलेली मुलं भर दुपारी चढवायची असतात, म्हणून परतीला जातानाच्या दीडपट वेळ धरा.

शिल्पा वहिनी (बी-३०१): पावसाळ्यातला सावरीचा फोटो पाहिला, काय देखणा दिसतो धबधबा! पुढच्या वर्षी जुलैतच जाऊ या का?

प्रभुदेसाई काका (ए-००२): वहिनी, बघायला जुलै, उतरायला डिसेंबर. जुलै २०२३ मध्ये मैनापीत दोघे बुडाले आणि लगेच वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. पाऊस धबधब्याखालच्या कुंडावर पडत नसतो, वर डोंगरात पडतो. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी पाच-दहा मिनिटांत चढतं. डिसेंबरात धार बारीक होते, पाणी नितळ होतं, तळ दिसायला लागतो. नोव्हेंबर ते जानेवारी हाच पोहण्याचा काळ. मार्चनंतर पाणी साचल्यासारखं होतं, तेव्हा पोरांना पाण्यात सोडू नये.

तरीही अवकाळी पाऊस डिसेंबरातही येतो. आदल्या दोन दिवसांत नेत्रावळी ज्यात येतं त्या सांगे भागात पाऊस झाला तर सहल पुढे ढकलायची, तिथे वाद नको. आणि शनिवारी नेत्रावळीच्या वनखात्याच्या कार्यालयात फोन करून विचारायचं: वाट चालू आहे का, आणि पाण्यात उतरायला परवानगी आहे का. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. ‘धबधबा चालू आहे’ एवढंच ऐकून फोन ठेवू नका.

अनघा (सी-२०२): फोन माझ्याकडे. गाडीचं काय? ५० सीटर बस स्वस्त पडते म्हणतात.

सुहास (ए-१०४): मोठी बस नको, रानातला रस्ता अरुंद आहे. १७ सीटर ट्रॅव्हलर आणि एक सात सीटर गाडी घ्या. २३ माणसं त्यात बसतात. फातोर्ड्याहून सकाळी साडेसहाला निघायचं, केपें-रिवणमार्गे. आठच्या आसपास नेत्रावळीत तिकिटं, तिथूनच गाइड. तिकीट आणि गाइडचे पैसे रोख ठेवा, मोबाइलच्या रेंजवर विसंबून यूपीआय धरू नका. साडेआठला चालायला लागलो तर साडेनऊला कुंडावर. साडेबाराला सगळे पाण्याबाहेर, जेवण, दोनला परतीचा चढ. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारून येतं, म्हणून दोनची वेळ पुढे ढकलायची नाही.

रोहन (सी-४०३): मुलांसाठी हवेच्या ट्यूब आणि दंडावरचे फुगे आहेत आमच्याकडे. तेच आणले तर चालेल ना? लाइफ जॅकेटचं भाडं वाचेल.

सुहास (ए-१०४): नाही चालणार. खडकाच्या धारेला ट्यूब घासली की फाटते, आणि ट्यूबमधून मूल खाली सटकतं. फोमची लाइफ जॅकेट घ्या. आत शिवलेल्या पट्टीवर किती किलोच्या माणसाला ते लिहिलेलं असतं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घट्ट बांधून काही उपयोग नाही, पाण्यात ते वर सरकतं आणि तोंड त्यात बुडतं. घालून तपासायची रीत अशी: सगळे बक्कल लावा, मुलाला हात वर करायला सांगा, मागून खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीच्या वर, कानापाशी आलं तर सैल आहे. लहानांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि फोम हातानं दाबून बघा, चुरा झालेला किंवा दगडासारखा कडक झालेला असेल तर परत द्या.

अनघा (सी-२०२): किती लागतील?

सुहास (ए-१०४): मुलांची ९, मोठ्यांची ६. मोठ्यांनी पाळीपाळीनं उतरायचं. पोहता येणाऱ्यांनीही घालायचं, कारण पोहण्याच्या तलावात पोहणं वेगळं आणि कुंडात वेगळं.

प्रभुदेसाई काका (ए-००२): ते का, तेही सगळ्यांना कळू द्या. धबधब्याची धार वर्षानुवर्षं एकाच जागी पडते आणि खालचा खडक कोरते. त्यामुळे कुंड कडेला गुडघाभर असतं आणि धारेखाली एकदम खोल जातं, पायऱ्या नसतात. धारेखालच्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, अशा फेसाळ पाण्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही. वरून पडणारं पाणी खाली जाऊन पुन्हा धारेकडेच वळतं, म्हणजे माणूस बाहेर यायला बघतो आणि पाणी त्याला आत ओढतं. धारेपासून किमान पाच मीटर लांब राहायचं. धारेखाली डोकं धरून फोटो काढायला कोणी जाणार नाही. वरून दगड आणि वाळक्या फांद्याही येतात.

आणखी एक गोष्ट, गारवा. झाडीतलं खोल पाणी वर कोमट आणि खाली गार असतं. एकदम उडी मारली की श्वास अडकतो आणि नकळत पाणी ओढलं जातं. आधी पाय, मग मांड्या, मग मानेवर पाणी, मिनिटभर थांबून आत. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजायला लागले की मूल बाहेर, त्यानं कितीही हट्ट केला तरी. उडी कोणीच मारायची नाही, मोठ्यांनीही नाही. पावसाळ्यात दगड हलतात, गेल्या वर्षी जिथे खोल होतं तिथे या वर्षी शिळा असू शकते.

शिल्पा वहिनी (बी-३०१): मग मुलांना नेमकं कुठे सोडायचं?

सुहास (ए-१०४): पोचल्यावर पहिली २० मिनिटं पाण्यात कोणी नाही. गाइडला हद्द विचारायची, मग मी आणि रोहन मापून घेऊ. दोरीला दर मीटरला गाठ मारायची, टोकाला दगड बांधून सोडायचा, भिजलेल्या गाठी मोजल्या की खोली कळते. लहानांना कमरेइतक्या पाण्यापर्यंतच. तिथे एका खडकाला किंवा झाडाला आडवी दोरी बांधू, तिच्या पलीकडे मुलं नाहीत. चार मुलांमागे एक मोठा माणूस, पाण्यात उभा, हातात मोबाइल नसलेला. दर अर्ध्या तासाला माणूस बदलायचा, नाहीतर लक्ष उडतं.

वाचवायची दोरी वेगळी, २० मीटर, १० मिमी जाडीची, पॉलिप्रॉपिलीनची. ती पाण्यावर तरंगते, नायलॉनची बुडते. तिच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधायचा, आत पेलाभर पाणी ठेवायचं म्हणजे फेकताना तो वाऱ्यानं भरकटत नाही. कॅन माणसाच्या डोक्यावरून पलीकडे फेकायचा आणि दोरी त्याच्या हाताशी आणायची. कोणी गटांगळ्या खाल्ल्या तर मागोमाग उडी मारायची नाही. आधी काठी, ती पोचली नाही तर दोरीला बांधलेला कॅन, याच क्रमानं.

रोहन (सी-४०३): दोरी आणि कॅन माझ्याकडे. ट्यूब आणत नाही.

डॉ. मृणाल (बी-१०३): माझ्याकडून तीन मुद्दे.
पाण्यातून काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढायला जाऊ नका, त्यानं उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते. आधी तोंडानं दोन श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा दोन श्वास, असं चालू ठेवा. मोठ्या माणसाची छाती ५ सेंमी खाली गेली पाहिजे, वेग मिनिटाला १०० ते १२०. बुडालेल्याला आधी श्वासच हवा असतो. तेव्हाच दुसऱ्या कोणीतरी रेंज मिळेल तिथवर जाऊन १०८ ला फोन करायचा. जो शुद्धीवर आला पण खोकतोय, त्यालाही सांग्याच्या आरोग्य केंद्रात दाखवायचंच.

गोचीड. गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि पलीकडे महाराष्ट्रात दोडामार्ग-बांद्याकडे आढळतो, डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. नेत्रावळीतही गोचिडी गृहीत धरा. पूर्ण बाह्या, पूर्ण पॅन्ट, पॅन्टची टोकं मोज्यांत खोचलेली. पाल्यापाचोळ्यावर बसकण नको, खाली चटई घाला. घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि काखा, कंबर, गुडघ्यामागे, कानामागे नीट बघणं. चिकटलेली गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगा.

नाश्ता हलका, पोटभर जेवण पोहून झाल्यावर.

शिल्पा वहिनी (बी-३०१): जेवणात चपात्या, सुकी बटाट्याची भाजी, केळी, चिक्की. दही-भात नको ना?

प्रभुदेसाई काका (ए-००२): नको, उन्हात आंबतो. पाणी माणशी दोन लिटर घरून, कुंडाचं प्यायचं नाही. माकडं पिशव्या पळवतात, डबे सॅकच्या आत आणि चेन बंद. साबण-शाम्पू अजिबात नाही, नेत्रावळी नदी जुवारीला मिळते आणि वाटेतली गावं तिच्यावर जगतात. दारू अभयारण्यात चालत नाही, कोणाच्याही सॅकमध्ये नको. परतताना वेळ उरला तर गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी बघू, तळातून बुडबुडे वर येतात. ती देवळाची तळी आहे, तिच्यात पाय घालायचे नाहीत.

अनघा (सी-२०२): पैसे गुरुवारपर्यंत माझ्याकडे. मुलांची वजनं उद्या संध्याकाळपर्यंत इथेच लिहा, जॅकेटं त्यावरूनच सांगणार.

रोहन (सी-४०३): आर्या २१ किलो, ईशान ३४. क्रॉक्स चालतील का?

सुहास (ए-१०४): वाटेवर नाही, उतारावर टाच सटकते. बूट खोबणी न झिजलेले हवेत. पाण्यात मागे पट्टा असलेल्या सँडल. हिरव्या शेवाळावर मात्र कुठलाच तळ धरत नाही, तिथे बसून सरकायचं.

शिल्पा वहिनी (बी-३०१): ओवी १७ किलो. तिच्या मापाचं मिळेल ना?

सुहास (ए-१०४): मिळेल, पण दुकानात तिला घेऊन या, घालूनच बघू. शुक्रवारी सहाला निघतोय.