टाके पिकले की 'शुगर होती' म्हणून फाइल बंद?

गोदाकाठ: ऑपरेशनची जखम पिकली की ठरलेली उत्तरं मिळतात: पेशंटला शुगर होती, घरी स्वच्छता नव्हती, धागा मानवला नाही. माझ्या वहिनीला शुगर नाही. दुर्बिणीने पित्ताशय काढलं, जखमा छान भरल्या आणि महिना उलटल्यावर बेंबीजवळच्या छिद्रातून पाणी येऊ लागलं. अँटिबायोटिकं बदलत राहिली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला, तेव्हा क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद निघाले. ते नळाच्या पाण्यातही राहतात. मग पोटात शिरले कसे? पहिल्या रुग्णालयात हे कुणी विचारलंच नाही. अशा प्रत्येक संसर्गाचं मूळ शोधावं आणि जे सापडेल ते पेशंटला लेखी द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

सर्जन_मराठवाडा: त्रास कळतो, मागणी पटत नाही. शुगर, तंबाखू, लठ्ठपणा, कमी हिमोग्लोबिन ही खरी कारणं आहेत, बहाणे नव्हेत. आतडं फुटलेल्या पेशंटची जखम आणि हर्नियाची जखम एकाच मापाने कशी मोजणार? शिवाय लेखी दिलं की तो कागद थेट ग्राहक आयोगात जाईल. मग खरं कोण लिहील? चौकशीच्या नावाखाली छोट्या हॉस्पिटलात एखाद्या मावशीचा बळी जातो, हे मी पाहिलं आहे.

ओटी_सिस्टर: सर, मावशीचा बळी जातो हे शंभर टक्के खरं. पण तो जातो कारण चौकशी तिच्यापाशीच थांबते. दुर्बिणीचा सेट एक आणि सकाळच्या केसेस चार. मधल्या वेळात चिमटे पूर्ण सुटे न करताच ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात २० मिनिटं बुडवतात. तेवढ्यात बीजाणू, म्हणजे जंतूंची टणक कवचातली रूपं, मरत नाहीत, त्यासाठी ८ ते १० तास लागतात. सांध्यात रक्त वाळलेलं असेल तर द्रावण आत पोचतच नाही. वर बाहेर काढून नळाच्या पाण्याने धुवायचं! दुसरा सेट घ्यायचा की नाही, हे मावशी ठरवत नाही.

सर्जन_मराठवाडा: मान्य. पण २००६-०७ मध्ये ब्राझीलच्या रिओ राज्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनांनंतर क्षयाच्या अशाच भाऊबंद जंतूचे हजारावर संशयित रुग्ण निघाले. तिथला जंतू २ टक्के ग्लुटारल्डिहाइडलाही दाद देत नव्हता. तिथे दोष कुणाला द्याल?

गोदाकाठ: तो जंतू दाद देत नाही हे कळलं कसं? ६० हून अधिक रुग्णालयांतल्या केसेस एकत्र मांडून, नमुने तपासून. प्रत्येकाने आपापली फाइल बंद केली असती तर काहीच कळलं नसतं. पुढे २००९ मध्ये तिथे ही उपकरणं द्रावणात बुडवून निर्जंतुक करणंच थांबवलं गेलं. दोष कुणाचा हे मी विचारतच नाही, कशामुळे झालं ते विचारते आहे.

पाणंद: पाण्यावरच अडकू नका. आदल्या रात्री ब्लेडने केस काढणं अजून चालू आहे. त्याने कातडीला बारीक जखमा होतात आणि जंतूंना तिथे जागा मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं: केस काढू नका, काढायचेच असतील तर क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन, वापरा. अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या १२० मिनिटांत द्यायचं असतं. आपल्याकडे वॉर्डात इंजेक्शन टोचतात, मग केस तीन तास लांबते. वर घरी पाच दिवसांच्या गोळ्या. चुकलेली वेळ त्या गोळ्यांनी भरून निघत नाही.

सर्जन_मराठवाडा: वेळेचा मुद्दा बिनतोड आहे. आमच्याकडे इंजेक्शन आता भूलतज्ज्ञ टेबलावरच देतात. अंतर्गत नोंद ठेवायला माझी हरकत नाही. पेशंटला लेखी देण्याला मात्र विरोध कायम आहे.

ओटी_सिस्टर: नोंद तरी पूर्ण कुठे होते, सर? जखमांच्या संसर्गाचं रजिस्टर ३० दिवसांवर बंद होतं आणि वहिनींना झाला तसला जंतू बऱ्याचदा त्यानंतर डोकं वर काढतो. साध्या कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट दोन दिवसांत 'काही वाढलं नाही' असा येतो. या जंतूची तपासणी वेगळी मागावी लागते, आणि ती मागितली जात नाही.

गोदाकाठ: म्हणूनच लेखी हवं. वहिनी आज तिसऱ्या डॉक्टरकडे जाते आहे आणि कुठला सेट वापरला, तो कसा धुतला, हे त्यांना सांगायला तिच्या हातात कागदाचा चिटोराही नाही.