मदत हवी आहे: एआयएक्स सर्व्हरवरचा क्लोन (सिस्टिम डिस्कची प्रत) शाबूत आहे का, कसं तपासायचं? (रविवारी वीज बंद)

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात आयटी बघतो. मूळचा मी विंडोज आणि नेटवर्कवाला. आमचा ईआरपी (कारखान्याचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आयबीएमच्या पॉवर ८ मशीनवर चालतो, त्यावर एआयएक्स ७.२ ही आयबीएमची युनिक्स सिस्टिम. ते सांभाळणारे काका मार्चमध्ये निवृत्त झाले आणि मशीन माझ्या गळ्यात आलं. येत्या रविवारी लाइनच्या कामासाठी दिवसभर वीज बंद आहे. यूपीएस तेवढा तग धरणार नाही, म्हणजे सर्व्हर उतरवून संध्याकाळी परत चढवावा लागणार. अपटाइम ४१२ दिवस दाखवतोय. सोमवारी सातच्या पाळीला चलनं निघाली नाहीत तर गेटवर गाड्या अडकतात, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

आतल्या दोन डिस्कपैकी दुसरीवर काकांच्या अक्षरात पट्टी आहे: 'क्लोन. हात लावू नये.' एलएसपीव्ही (डिस्कची यादी देणारी कमांड) केलं की डिस्क, तिचा व्हॉल्यूम ग्रुप (व्हीजी, म्हणजे डिस्कचा गट) आणि स्थिती असं दिसतं:

एचडिस्क० – रूटव्हीजी – ॲक्टिव्ह (सिस्टिम हिच्यावर)
एचडिस्क१ – आल्टइन्स्ट_रूटव्हीजी – पुढे कोरं
एचडिस्क२ – डेटाव्हीजी – ॲक्टिव्ह (ही स्टोरेजवरची)

मधल्या ओळीत ॲक्टिव्ह का नाही? क्लोन गेलाय का? त्यावर एलएसव्हीजी (ग्रुपची माहिती देणारी कमांड) चालवलं तर ०५१६-०१० एरर येते आणि व्हॅरीऑनव्हीजी (ग्रुप चालू करणारी कमांड) वापरा म्हणते. कमांड टाइप केली, पण एंटर दाबायचा धीर झाला नाही. काका नर्मदा परिक्रमेला गेलेत, फोन लागत नाही.

प्रतिसाद:
एंटर दाबला नाहीत ते फार बरं झालं. क्लोन गेलेला नाही, झोपलेला आहे. आल्ट_डिस्क_कॉपी (क्लोन घेणारी कमांड) काम संपलं की त्या ग्रुपच्या फाइलसिस्टिम अनमाउंट करते, ग्रुप व्हॅरीऑफ (बंद) करते आणि एलएसपीव्हीत फक्त नाव ठेवते. म्हणजे कोरी जागा हेच तिथं बरोबर उत्तर. ॲक्टिव्ह दिसलं असतं तर उलट विचारलं असतं की कुणी जागा करून ठेवलाय.

आत डोकवायचं तर आल्ट_रूटव्हीजी_ऑप ही कमांड कॅपिटल डब्ल्यू पर्यायाने, डिस्कचं नाव देऊन. सगळं /आल्ट_इन्स्ट खाली माउंट होतं. बघून झालं की कॅपिटल एसने परत झोपवा, जागा ठेवून मशीन बूट करू नका. एक्सपोर्टव्हीजी (ग्रुपची नोंद काढणारी कमांड) तर मुळीच नको.

पण मला काळजी वेगळीच आहे. बूटलिस्ट -एम नॉर्मल -ओ (पुढच्या वेळी मशीन कुठल्या डिस्कवरून उठणार) काय सांगतं? बूटइन्फो -बी (मागच्या वेळी कुठून उठलं)? आणि /व्हार/एडीएम/आरएएस मधल्या आल्ट_डिस्क_इन्स्ट.लॉगवर तारीख कुठली आहे?

मूळ लेखक:
बूटइन्फो म्हणतं एचडिस्क०. बूटलिस्टमध्ये मात्र एकच ओळ, एचडिस्क१! लॉग ऑक्टोबरचा. दिवाळीनंतर ई-इन्व्हॉइससाठी डेटाव्हीजीत नवी फाइलसिस्टिम जोडलीय, पासवर्डही सगळे बदललेत.

प्रतिसाद:
हीच भीती होती. आल्ट_डिस्क_कॉपी स्वतःहून बूटलिस्ट नव्या डिस्ककडे वळवते, कॅपिटल बी दिला तरच वळवत नाही. आज मशीन चालतंय एचडिस्क०वर, पण रविवारी उठलं असतं ऑक्टोबरमधल्या क्लोनवर. रूटव्हीजी नाव एचडिस्क१ला गेलं असतं आणि आजची डिस्क ओल्ड_रूटव्हीजी म्हणून बाजूला पडली असती. डेटाव्हीजीतला डेटा जागेवर राहिला असता, पण क्लोनच्या /ईटीसी/फाइलसिस्टिम्समध्ये तुमची ई-इन्व्हॉइसची नोंदच नाही, त्यामुळे ती माउंट झाली नसती. पासवर्ड जुने. सकाळी सातला यातलं काय बिघडलंय हे शोधत बसणं फार वाईट, मी यातून गेलोय.

आजच बूटलिस्ट -एम नॉर्मल एचडिस्क० करा आणि -ओ ने पुन्हा वाचा, ओळीत एचडिस्क० आणि बीएलव्ही=एचडी५ (डिस्कवरचा बूटचा भाग) दिसलं पाहिजे. एमकेसिसबी (सिस्टिमचा बॅकअप) घेऊन मशीनबाहेर ठेवा. ईआरआरपीटीत (मशीनच्या बिघाडांच्या नोंदीत) एचडिस्क१च्या तक्रारी नसतील तरच त्या डिस्कवर भरवसा ठेवा. मग आल्ट_रूटव्हीजी_ऑप कॅपिटल एक्सने जुन्या क्लोनची व्याख्या काढा, आल्ट_डिस्क_कॉपी कॅपिटल बी देऊन नवा क्लोन घ्या, आणि शेवटी बूटलिस्ट पुन्हा बघा. शनिवारी रात्री नको, हाताशी वेळ असताना करा.

मूळ लेखक:
काल रात्री बसून केलं. ईआरआरपीटी स्वच्छ होतं, एमकेसिसबी बाहेर ठेवली, मग नवा क्लोन. बूटलिस्ट एचडिस्क०वर आहे. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडच्या यादीत) काकांची क्लोन घेणारी ओळ सापडली, त्यात कॅपिटल बी नव्हता, तो घातला.

रविवार, रात्री ९.२०: मशीन उठलं. बूटइन्फो एचडिस्क०, ई-इन्व्हॉइस माउंट झालंय, चाचणीचं चलन छापलं. तुम्ही बूटलिस्ट विचारली नसती तर मी ती बघितलीच नसती. मनापासून आभार.