क्लॉइस्टरला ओवरी म्हटलं तर काय बिघडलं?

चिंचोका: मंडळी, अडलंय. इंग्लंडमधल्या विल्टशरच्या लेकॉक ॲबेवर लेख लिहितेय. 1232 साली नन्ससाठी उभारलेला मठ, आठव्या हेन्रीने मठ बंद केल्यावर 1540 मध्ये विल्यम शॅरिंग्टनने विकत घेतला, चर्च पाडलं, पण चौकाभोवतीचे कमानींचे रस्ते, म्हणजे क्लॉइस्टर, तसेच ठेवले आणि वरच्या मजल्यावर स्वतःचा संसार थाटला. त्या कमानींना मी 'ओवऱ्या' लिहिलं. संपादकबाईंनी खोडून 'व्हरांडा' केलं!!

पंतोजी: ओवरीच बरोबर. अपवरक वरून ओवरी, आपला जुना शब्द. व्हरांडा पोर्तुगीज, कशाला हवाय?

घोंगडी: पोर्तुगीजांनी तो इथूनच उचलला असंही म्हणतात बरं का पंतोजी. पण ओवरी मलाही पटत नाही. लहानपणी जेजुरीला ओवरीत मुक्काम केलाय, आजीने घोंगडी अंथरली, रात्रभर दगड पाठीला टोचत होता आणि सकाळी उठलो तर शर्ट भंडाऱ्याने पिवळा. ओवरीत माणूस टेकतो, चालत नाही.

चिंचोका: तेच तर, इथे चौकाला धरून सलग फिरता येतं, वर दगडी छताला नक्षी. त्यातूनच आत शेकोटीच्या खोलीत जायचं, तिथे एवढा मोठा हंडा ठेवलाय की मूल आत लपेल.

खवचट: ते राहू द्या, तुमच्या मसुद्यात 'शॅरिंग्टनने जीर्णोद्धार केला' असं आहे. देवघर पाडून बेडरूम काढल्या त्याला जीर्णोद्धार? आमच्या पेठेत त्याला रीडेव्हलपमेंट म्हणतात. वाडा जातो, पाटीवर 'अमुक वाडा' राहतं, तसं यांचं ॲबे. शिवाय हाच गृहस्थ ब्रिस्टलच्या टांकसाळीत अफरातफर करताना सापडला होता, म्हणजे बिल्डरच की!

पंतोजी: जीर्णोद्धार देवळाचाच. घराची डागडुजी. फारतर फेरफार.

चिंचोका: डागडुजी कसली, 1750 च्या दशकात अख्खा नवा गॉथिक हॉल घातला, जुना दिसावा म्हणून!! पुढे इथला मालक फॉक्स टॅल्बट, फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, त्याने दक्षिणेकडे ओरिएल, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या, खिडक्या काढल्या, त्यातल्याच एकीच्या फोटोची 1835 ची निगेटिव्ह आजही आहे. आकार पोस्टाच्या तिकिटाएवढा, पण भिंगातून सुमारे 200 तावदानं मोजता यायची असं त्यानेच लिहून ठेवलंय. आता ओरिएलला काय म्हणू?

पंतोजी: गवाक्ष.

खवचट: गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा, ही भिंतीबाहेर पोट काढून बसलीय. सज्जा म्हणा.

घोंगडी: सज्ज्यात उभं राहता येतं हो. आणि तावदान शब्द वाचून बरं वाटलं, माझ्या लेकीला परवा सांगितलं तावदान पूस, तर तिने टीव्ही पुसला.

पंतोजी: तावदान फारसी आहे.

खवचट: मग पंतोजी, तुमच्या घरच्या खिडकीला काय बसवलंय?