मदत हवी आहे: कच्च्या रस्त्यावर गाडी बंद पडते

धूळधाण: मंडळी, वैतागलोय. जुनी गाडी आहे, डांबरी रस्त्यावर सुतासारखी पळते. कच्च्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात फट्कन बंद. कधी एका किकमध्ये सुरू होते, कधी घाम काढते. प्लग नवा, कार्बोरेटर साफ केलेला. पुढच्या आठवड्यात सगळी वाट दगडमातीचीच आहे, त्याआधी इलाज हवा. 'विकून टाक' म्हणणाऱ्यांनी लिहू नये.

किकवीर: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? स्पार्क पाडायला पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) की सीडीआय (त्याच कामाची इलेक्ट्रॉनिक डबी)? स्पार्क बॅटरीवर की मॅग्नेटोवर (इंजिनासोबत फिरून वीज बनवतो तो)? नुसतं 'जुनी' म्हटल्यावर आम्ही काय ओळखायचं?

धूळधाण: टू-स्ट्रोक, पॉइंटवाली, ६ व्होल्ट. हे लिहायला हवं होतं का?

रानभूल: आधी टायरमधली हवा थोडी कमी करा. खडबडीत जागी फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे सैल, हँडल आवळून धरायचं नाही. पुढचा ब्रेक मातीत जपून.

धूळधाण: मला चालवता येतं. गाडी बंद पडते.

सीडीआयप्रेमी: पॉइंट काढा, सीडीआय बसवा. मी बसवल्यापासून साइड कव्हर उघडलेलं नाही.

जुनंतेसोनं: आणि रानात तीच उडाली तर? पॉइंटला पॉलिश पेपर मारून, ०.४ मिमीच्या आसपास गॅप लावून माणूस घरी तरी येतो.

सीडीआयप्रेमी: फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) खिशात घेऊन फिरता वाटतं?

जुनंतेसोनं: हो. सोबत पॉइंटचा कंडेन्सरही.

टाकीभर: टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असणार. आत हवा शिरत नाही, मग पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडताना 'स्स' आवाज येतो का बघा.

जुनंतेसोनं: मग डांबरीवर आधी बंद पडली असती, तिथे पेट्रोल जास्त ओढते. हा हादऱ्याचा रोग आहे. एक तर टाकीतला गंज हलून पेट्रोल कॉकच्या जाळीत बसतोय, नाही तर कार्बोरेटरमधला फ्लोट उसळून पेट्रोल ओसंडतंय. बंद पडल्यावर लगेच प्लग काढून बघा: ओला की कोरडा?

किकवीर: माझा एक प्रश्न तसाच राहिला. बॅटरीवर स्पार्क असेल तर त्याहून सोपं आहे. बंद पडल्या क्षणी, चावीला हात न लावता हॉर्न दाबा. हॉर्न वाजला तर मेन सप्लाय ठीक, पेट्रोलकडे किंवा कॉइल-पॉइंटकडे बघा. नाही वाजला तर कार्बोरेटर विसरा. बॅटरीची टोकं, अर्थची वायर, फ्यूज, चावीचा स्विच बघा.

धूळधाण: बॅटरीवरच आहे. आज मुद्दाम खड्ड्यांतून नेली. बंद पडली, हॉर्न मुका. जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवलं आणि हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं, तरी बंद! सरळ केलं की किकला सुरू.

किकवीर: सापडलं. हँडलच्या मानेपाशी वायरिंगचा जुडगा दर वळणाला दुमडतो. तिथे वरून रबर धड दिसतं, आत तांब्याच्या तारा तुटलेल्या असतात. नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका; तेवढा तुकडा बदला, सोल्डरने डाग द्या, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल एवढी ढील ठेवा.

टाकीभर: तरी झाकणाचं भोक बघाच.

धूळधाण: मानेपाशी चार वायरी आहेत, सगळ्यांचा रंग उडून करड्या झाल्यात. मेन कुठली, ओळखायची कशी?

किकवीर: टेस्ट लँप (वायरीत वीज आहे का दाखवणारा दिवा) आहे का? गाडीचा फोटोही टाका.

रानभूल: टायर कुठले आहेत?